काकाजींच्या जांभळ्या कोंबड्या

कोहमाऱ्याला काकाजींच्या घरी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी मला माझं गाव विचारलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, पगारही विचारला नाही. मी वीज खात्यात आहे एवढं कळल्यावर ते खुर्चीतून उठले, माझ्या अगदी जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"का जी साहेब, तुमच्या खात्यात लाल वीज भेटते का?"

"लाल वीज म्हणजे?"

"म्हंजे लाल. उजेड लाल पडला पायजे. तुमी देता ते वीज पांढरी हाये. तिच्यात रगत दिसते."

मी सांगलीकडचा. नागपूरच्याही पलीकडच्या या भागात पाय ठेवून मला जेमतेम आठवडा झाला होता. रक्ताचं नाव ऐकून मी नकळत दाराकडे सरकलो. तेवढ्यात आतून काकींचा आवाज आला, "कोंबड्यायचं सांगून राहिले जी ते. भिऊ नका. चाय घेता का?"

चहा घेतला आणि खोलीही घेतली. त्या घरात पुढे मी साडेतीन वर्षं काढली. लाल वीज काही मला देता आली नाही, आणि त्याबद्दल काकाजींनी मला कधी पूर्ण माफ केलं असं वाटत नाही. कुणी पाहुणा आला की ते माझी ओळख करून देत, "हे वीज खात्याचे साहेब. पन वरपर्यंत यायची वळख नाई."

काकाजी एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण नोकरी अंगातून उतरली नव्हती. जेवण संपलं की ताटावर वाटीनं दोनदा ठणठण वाजवत. काकींनी ते ऐकून ताट उचलायचं असे. एकदाच ठण झालं तर भात पाहिजे. घरात आलेला माणूस दारात उभा राहून बोलायला लागला, की त्यांना ते अजिबात सहन होत नसे. "एक तर अंदर या, नाई तर खाली उतरा," असं ते प्रत्यक्ष जावयाला म्हणाले होते, आणि जावई खरोखरच तसाच परत गेला होता.

त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे, आपण नोकरीभर एकाही माणसाला रस्त्यावर सोडून गाडी पुढे नेली नाही. गाडी किती का भरलेली असेना. "हात दाखवला का घेतला. बसाले जागा नाई तं उभा, उभं राहाले नाई तं लटक. पन मागं कोनाले सोडलं नाई."

कोंबड्यांचंही त्यांनी तेच केलं. निवृत्तीनंतर त्यांनी थोडी पिल्लं आणली. मग कुणाच्या घरची म्हातारी गेली, तिच्या कोंबड्या बेवारस झाल्या, त्या आणल्या. कुणी मुलीकडे नागपूरला राहायला निघालं, त्यांच्या आणल्या. सुरुवातीला त्या मोकळ्या फिरत. पण कोहमारा हे चौकाचं गाव. चहूकडून ट्रक येतात, धाब्यांवर थांबतात, पुन्हा सुटतात. काकाजींचा पहिला कोंबडा, ज्याचा डोळ्यावर येणारा तुरा ते मला हातानं करून दाखवत, तो एका दुपारी त्यांच्या डोळ्यांदेखत ट्रकखाली गेला. त्या दिवसापासून खुराड्याचं दार बंद झालं ते झालंच. घरामागे विटांची भिंत, वर पत्रे, समोर जाळी. कोंबड्या वाढत गेल्या, खुराडं तेवढंच राहिलं.

आणि मग त्या एकमेकींना टोचायला लागल्या.

मी कधी कोंबड्या पाळल्या नव्हत्या. मला वाटायचं, कोंबडी हा ताटात येईपर्यंत गरीब प्राणी आहे. तसं नाही. एक कोंबडी दुसरीच्या शेपटीजवळचं एक पीस उपटते. तिथे रक्ताचा थेंब येतो. तो थेंब दिसला की बाकीच्या सगळ्या धावत येतात, आणि मग जी सापडली तिचं काही खरं नाही. एका कोंबडीच्या पाठीवर तर एकही पीस उरलं नव्हतं. तिला सगळे टकली म्हणत. ती सारा दिवस भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात बसे आणि बाकीच्या झोपल्या की दाणे वेचायला निघे.

टकलीचं नाव निघालं की काकाजींचा आवाज बदलायचा. "आमच्या आज्या-पणज्यानं तलाव बांधले जी इकडं. एवढं पानी अडवलं त्यायनं. आनि मले कोंबडीची चोच नाई अडवता येत?"

चोच अडवण्याचा पहिला उपाय त्यांनी नोकरीतूनच आणला. गाडीत दोन माणसं भांडायला लागली, की ते त्यांच्या जागा बदलून देत. खिडकीवाला मागे, मागचा खिडकीत. निम्मं भांडण तिथेच मिटे. म्हणून रोज संध्याकाळी ते खुराड्यात शिरत आणि दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या जागा बदलत. काळी उचलून पांढरीजवळ, पांढरी उचलून दाराशी. कोंबड्या किंचाळत, पिसं उडत, आणि काकाजी बाहेर येईपर्यंत प्रत्येक कोंबडी आपापल्या जागी परत गेलेली असे. महिनाभर हे चाललं. "पॅसेंजर आयकत होते," ते खिन्नपणे म्हणाले.

मग लाल उजेड. रक्त लाल, उजेडही लाल, तर रक्त वेगळं दिसणार नाही, असा तो हिशेब होता. मी लाल वीज देऊ शकलो नाही, तेव्हा त्यांनी मंडपवाल्याकडून लाल जिलेटीनचा कागद आणला आणि खुराड्याची जाळी मढवली. कागद उरला, तो वाया जाऊ नये म्हणून माझ्या खिडकीला लावला. काही दिवस मी लाल भात आणि लाल दही खाल्लं. कोंबड्यांनी मात्र तो कागदच टोचून खाल्ला.

त्यानंतर चष्म्याची पाळी आली. परदेशातल्या कोंबड्यांना समोरचं दिसू नये म्हणून चोचीवर झापडं लावतात, असं कुणीतरी काकाजींना मोबाइलवर दाखवलं होतं. काकाजींनी झापडं घरीच कापायला घेतली. त्यासाठी काळा, वाकणारा, पाण्यानं खराब न होणारा कागद हवा होता. तो कपाटात सापडला. काकींच्या गुडघ्यांचे एक्स-रे.

काकी बाजारातून आल्या तेव्हा चार कोंबड्या अंगणात उलट्या चालत होत्या आणि प्रत्येकीच्या डोळ्यांवर काकींच्या गुडघ्याचा थोडा थोडा भाग होता.

"हे माहे घुटने हायेत का?" काकींनी विचारलं.

"जुने हायेत," काकाजी म्हणाले. "नवीन काढू."

"एक्स-रे काढाचे का घुटने?"

काकाजींनी कात्री पाठीमागे लपवली. तोपर्यंत तीन कोंबड्यांनी झापडं झटकून टाकली होती. चौथी ते लावूनच माझ्या खोलीत आली, पलंगाखाली गेली आणि तिथे अंडं घालून बसली.

यानंतर ते जांभळं औषध आलं. तोंड आल्यावर लहान मुलांच्या जिभेला लावतात, ते. जखमेला लावलं तर जखमही भरते आणि लालही दिसत नाही, असं त्यांना साकोलीच्या दवाईवाल्यानं सांगितलं. खरं तर हे शहाणपणाचं होतं. त्यांनी टकलीची पाठ जांभळी केली आणि तिला आत सोडलं. बाकीच्यांनी आयुष्यात जांभळी कोंबडी पाहिली नव्हती. सगळ्या मिळून तिच्यावर अशा तुटून पडल्या, की काकाजींना आत शिरून टकलीला बनियनखाली घालून बाहेर आणावं लागलं.

ते अंगणात बसले. टकली त्यांच्या पोटाशी, मान तेवढी बनियनच्या गळ्यातून बाहेर. दोघंही खुराड्याकडे बघत होते. मग काकाजी म्हणाले,

"माह्यीच चूक हाये. एकटीले रंगवलं म्हून साऱ्यायचे डोळे तिच्यावर. साऱ्यायले रंगवलं तं कोन कोनाले पाह्यन?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काकी कोंबड्या धरत होत्या, मी पंख उघडून धरत होतो आणि काकाजी दाढीच्या ब्रशनं रंगवत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या कोंबड्या जांभळ्या झाल्या. काकींच्या साडीचा पदर आणि माझे दोन्ही हातही जांभळे झाले. सोमवारी कार्यालयात एकानं विचारलं, "साहेब, निवडणूक तर नाही, मग दोन्ही हातांनी मतदान कुठं करून आलात?"

पण गंमत अशी, की टोचणं खरंच थांबलं. तीन-चार दिवस खुराड्यात अशी शांतता होती, की काकी मधूनमधून जाऊन त्या जिवंत आहेत का बघत. माझी समजूत अशी, की कोण कुणापेक्षा मोठी हेच त्यांना ओळखू येईना. काकाजी चौकातल्या टपरीवर जाऊन सगळ्यांना चहा पाजून आले.

त्याच आठवड्यात एका ट्रकचा ड्रायव्हर धाब्यावर थांबला आणि लघवीला म्हणून आमच्या घरामागे आला. लाल कागदाच्या चिंध्या लोंबणाऱ्या जाळीतून पन्नासेक जांभळ्या कोंबड्या त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं आधी काय केलं माहीत नाही, पण नंतर मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. मागे त्याचा घाबरलेला आवाज, "देखो भाई, कोहमारा में मुर्गी का क्या हाल है. जामुनी बीमारी आ गई है."

दुपारी धाबेवाला आला. चप्पल काढायचंही त्याला भान नव्हतं.

"चाचा, ये क्या कर दिया? लोग मेरे यहां भेंडी मंगा रहे हैं. भेंडी! हायवे पे!"

"भेंडी बरी असते," काकाजी म्हणाले.

"कल दो शादी के ऑर्डर कैंसल हुए. अब सरकार आएगी, तुम्हारी भी मारेगी, मेरी भी मारेगी."

ते मात्र खरं होतं. पक्ष्यांचा साथीचा रोग निघाला, तर आजूबाजूच्या सगळ्याच कोंबड्या मारून पुरतात. काकींनी हे ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. त्या रोज कोंबड्यांना शिव्या घालत, पण त्या दिवशी खुराड्याला कुलूप लावून किल्ली त्यांनी कमरेला खोचली.

जीप आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम, आणि त्यांच्याबरोबर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांतले दोघं. अर्धं गाव कुंपणाबाहेर उभं. काकाजी खुराड्याच्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले. ज्या माणसाला दारात उभं राहिलेलं कुणी चालत नसे, तो माणूस.

"गाडी फुल हाये. कोनी अंदर याचं नाई."

मॅडम शांत होत्या. "काका, मला फक्त बघायचंय. हा रंग कशामुळे आला?"

"म्या देल्ला. दवाई हाये ते. बिमारी नाई."

"कोणती दवाई?"

काकाजींनी खिशातून बाटली काढली. ती नुसती दाखवली असती तरी काम झालं असतं. पण त्यांना वाटलं असावं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी झाकण काढलं, बोट आत बुडवलं आणि आपली जीभ रंगवली. मग ओठ. मग मिशी.

"घ्या," जांभळी जीभ बाहेर काढून ते म्हणाले. "मलेबी न्या मंग. मलेबी पुरा."

कुंपणाबाहेर कुणीतरी हसलं, पण काकाजी दारातून हलले नाहीत. मॅडमनी बाटली हातात घेऊन वाचली. "काका, जास्त पोटात जाऊ देऊ नका, चूळ भरा," म्हणाल्या. मग काकींकडून किल्ली मागितली. काकींनी काकाजींकडे पाहिलं. काकाजींनी मान हलवली, तेव्हा ती मिळाली.

मॅडमनी एक कोंबडी धरली आणि ओल्या कापसानं तिचा पंख चोळला. कापूस जांभळा झाला, पंख थोडा पांढरा. त्यांनी तो कापूस उंच धरून लोकांना दाखवला. रोग नव्हता. खबरदारी म्हणून नमुने घेतले, त्यांतही पुढे काही निघालं नाही. पण जायच्या आधी त्या जाळीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, किती दाटी केलीय ही. इतक्या जागेत माणसं कोंबली, तर तीही एकमेकांना टोचतील. यांना जागा द्या, उकरायला माती द्या. आणि यात एक कोणीतरी सुरुवात करणारी असेल. ती शोधा, काही दिवस वेगळी ठेवा."

काकाजींनी मान डोलावली. जीभ जांभळी असल्यामुळे ते पुढचे काही दिवस कुणाशीच बोलले नाहीत. चौकातल्या टपरीवरची त्यांची रोजची खुर्ची रिकामी होती. ते स्टूल घेऊन खुराड्यात बसत आणि गुन्हेगार शोधत. आधी संशय काळीवर होता, मग एका लंगड्या कोंबडीवर.

शेवटी काकींना राहवलं नाही. "राणी हाये ते."

राणी म्हणजे काकाजींची लाडकी. तांबडी, भरलेली, रोज संध्याकाळी त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या ताटातला भात खाणारी.

"राणी?" काकाजी म्हणाले. "कायले खोटं बोलतेस?"

"सारं गाव जानते. तुमच्या मांडीवर बसते म्हून तुमाले दिसून नाई राहिलं."

त्यांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिलं. राणी दाणे खात होती. टकली लांबूनच जाऊ लागली, तर राणीनं दाणे सोडले, तिच्याकडे चालत गेली, एक टोचा मारला आणि परत येऊन खायला लागली. काही कारण नव्हतं. काकाजींनी राणीला उचललं आणि पडवीत बांबूच्या टोपलीखाली ठेवलं. शिक्षा त्यांनीच दिली, आणि तिला एकटं वाटू नये म्हणून दिवसभर टोपलीशेजारी बसून राहिलेही तेच. तिला पेपर वाचून दाखवत. काकी म्हणत, "जेलमदी तुमी हा का ते हाये?"

आठवड्याभरानं राणीला आत सोडलं. मी कामावर निघालो होतो, पण काकाजींनी थांबवलं. "या जी, पाहा. आता कशी शहानी झाली ते."

राणी आत गेली. एवढ्या दिवसांत तिची जागा गेली होती. दांडीवर दुसरी होती, दाण्यापाशी तिसरी. सगळ्या माना वर झाल्या. आणि कोपऱ्यातून, भिंतीकडे तोंड करून बसणारी टकली उठली. ती सरळ राणीपाशी गेली आणि तिच्या मानेवर तिनं जो टोचा मारला, तसा मी त्या खुराड्यात पाहिला नव्हता. मग बाकीच्या आल्या.

काकाजींनी राणीला ओढून बाहेर काढलं. तिच्या मानेतून रक्त येत होतं. ते पडवीच्या पायरीवर बसले. त्या दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी मी परतलो, तरी तिथेच होते.

"मले वाटलं होतं," ते म्हणाले, "टकलीले तरी मालूम असन."

मी खालच्या पायरीवर बसलो. काकी आतून आल्या, त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि शेजारी टेकल्या.

"मार खाल्ला जी तिनं. शाळा नाई शिकली. जेवा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तर खुराड्याचं दार सताड उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. मी घाबरून मागे गेलो. धान कापून झालं होतं. घरामागच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोकळ्या पडल्या होत्या, नुसते खुंट आणि सांडलेले दाणे. त्यांत सगळ्या कोंबड्या पसरल्या होत्या, फिक्या पडलेल्या जांभळ्या रंगाच्या, जिथे तिथे माती उकरत. आणि त्यांच्या आणि हायवेच्या मधे, बांधावर, छत्री उघडून काकाजी बसले होते. हातात काठी. ट्रकचा हॉर्न वाजला की उठून उभे राहत, गेला की बसत.

तेव्हापासून रोज तेच. चौकातली खुर्ची सुटली, टपरीवरच्या गप्पा सुटल्या. सकाळी कोंबड्या घेऊन जायचं, दुपारची भाकर काकी तिथे नेऊन देणार, ऊन उतरलं की सगळ्यांना मोजून परत. रस्त्यानं जाणारे हाक मारत, "काकाजी, कोंबड्या चारून राहिले का?"

"हाव," काकाजी म्हणत. "दूध काढून राहिलो."

त्यांची फार चेष्टा झाली. धाबेवाल्यानं तर येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना बोट करून दाखवायचं ठेवलं होतं. पण टकलीच्या पाठीवर हळूहळू लव आली, मग पिसं.

एका रविवारी मी त्यांच्याजवळ बांधावर जाऊन बसलो. समोर टकली आणि राणी एकाच बांधीत आल्या. टकलीनं मान उंच केली आणि धावली. राणी पळाली. बांध ओलांडून दुसऱ्या बांधीत, तिथून तिसऱ्या. टकली अर्ध्या वाटेत थांबली. तिला खुंटांत काहीतरी सापडलं होतं. ती ते खात बसली आणि राणीला विसरली.

"म्हणजे भांडण गेलं नाहीच, काकाजी," मी म्हटलं.

"भांडन कायले जाईन?" ते म्हणाले. "भांडतेत ना. पन आता पळाले जागा हाये."

एवढं बोलले आणि ताडकन उठले. एक कोंबडी बांध चढून रस्त्याकडे निघाली होती. छत्री माझ्या अंगावर टाकून, पायजमा वर धरून, काठी उगारून काकाजी तिच्यामागे धावत सुटले, आणि पलीकडून येणाऱ्या ट्रकला हात दाखवून थांब, थांब म्हणून ओरडू लागले. ट्रक थांबला.